आज्ञावलीचे नूतनीकरण आणि शेवटचा अंक

एखाद्या आज्ञावलीचे नूतनीकरण झाले असे म्हणताना तिचा वेग वाढला, एवढेच बहुधा आपल्या मनात असते. जुन्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचे परीक्षण करणारा एवढ्यावर समाधान मानणार नाही. पाठ शुद्ध राहिला की नाही, हे तो प्रथम पाहील. भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी स्वयंसेवकांच्या घरच्या संगणकांवर चालणाऱ्या आज्ञावलींनाही हाच निकष लावावयास हवा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

जिनिव्हाजवळील सेर्न या संस्थेचा ‘एलएचसी अ‍ॅट होम’ हा उपक्रम २००४ साली, संस्थेच्या पन्नासाव्या वर्षी, सुरू झाला. त्याची मूळ आज्ञावली ‘सिक्सट्रॅक’ ही फोर्ट्रान भाषेतील. सुमारे २७ किलोमीटर परिघाच्या वलयात फिरणारे प्रोटॉन आपल्या मार्गावर स्थिर राहतील की भरकटून नष्ट होतील, याचे गणित ती करते. एका वेळी ६० कण घ्यावयाचे आणि त्यांना एक लाख, कधी दहा लाख फेऱ्या घालावयास लावावयाच्या, अशी ही रीत. प्रत्यक्ष प्रोटॉन सेकंदास सुमारे ११,२४५ फेऱ्या घालतो. म्हणजे दहा लाख फेऱ्यांसाठी निसर्गाला दीड मिनिटही लागत नाही. घरच्या संगणकास मात्र तासन्‌तास राबावे लागते.

स्वयंसेवकाचे यंत्र परके असते, त्यावर विश्वास कसा ठेवावा? म्हणून एकच काम दोघांकडे धाडतात आणि उत्तरे जुळली तरच ती ग्राह्य धरतात. खरी अडचण येथेच उद्भवली. १९८५ च्या ‘आयट्रिपलई ७५४’ या मानकाने बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार व वर्गमूळ यांचे उत्तर कोणत्या अंकाशी तोडावे, हे बांधून दिले. घातांकी, लॉगॅरिथमी व त्रिकोणमितीय फले मात्र त्या बंधनाबाहेर राहिली. परिणामी दोन प्रामाणिक यंत्रेही शेवटच्या अंकात वेगळी पडत. एरवी हा भेद क्षुल्लक. परंतु कणाची गती अस्थिरतेच्या सीमेवर असली की तोच फेरीगणिक वाढत जातो. उच्चारभेदातून अर्थभेद कसा उपजतो, हे शिकविणाऱ्यास यात नवल वाटू नये. यावर उपाय म्हणून फ्रान्समधील ल्यों येथील एकोल नॉर्माल सुपेरिअरमध्ये तयार झालेला ‘सीआरलिबम’ हा फलसंग्रह स्वीकारण्यात आला. त्यातील फलांची उत्तरे अचूक निकटनाची असतात, मग यंत्र कोणतेही असो. शिवाय कंपायलरने बेरजांचा क्रम परस्पर बदलू नये, हीही दक्षता घ्यावी लागली. कारण तोडलेल्या अंकांच्या राज्यात बेरजेचा साहचर्य नियम चालत नाही. वेगाची थोडी हानी सोसून पाठशुद्धी राखली, हे या नूतनीकरणाचे श्रेय होय.

२०११ साली त्याच उपक्रमात दुसरा मार्ग निघाला. ‘टेस्ट फोर थिअरी’ या प्रकल्पाने स्वयंसेवकाच्या संगणकात लिनक्सचे एक संपूर्ण आभासी यंत्रच बसविले. अनुवादाचा त्रास नको म्हणून लेखकाचे सबंध गाव वाचकाच्या ओसरीवर आणून वसवावे, तसा हा प्रकार आहे. त्यामागील निकड नाकारता येत नाही. कणप्रयोगांच्या प्रचंड आज्ञावली विशिष्ट लिनक्सवरच वाढलेल्या. त्या विंडोजसाठी नव्याने घडविणे हे जवळजवळ अशक्य काम. तथापि या सोयीचे मोल कोण देतो? आभासी यंत्रासाठी वेगळी आज्ञावली बसविणे, अधिक स्मृती व साठवण देणे, हा सारा भार स्वयंसेवकावर पडतो, आणि ज्याचा संगणक जुना आहे तो उंबरठ्यावरच अडतो. तज्ज्ञांचे श्रम वाचले, परंतु सहभागाचा परीघ आकसला. माझ्या मते हे स्थलांतर आहे. त्यास नूतनीकरण म्हणणे हा शब्दाचा सैल वापर होय.

पुढे सेर्नमध्येच ‘एक्ससूट’ हा नवा संच आकारास आला. तो पायथॉनमधून हाताळता येतो आणि चित्रप्रक्रियकांवरही चालतो. वाचनसुलभतेच्या दृष्टीने जुन्या फोर्ट्रानपेक्षा तो निश्चितच सरस आहे. नव्या विद्यार्थ्यास तो आठवड्यात उमगावा. पण चित्रप्रक्रियकावर शेकडो धाग्यांतील बेरजा ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने गोळा केल्या, तर साहचर्य नियमाचा जुना प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो. तेव्हा अशा संचाच्या परीक्षकाने वेगाचे आकडे क्षणभर बाजूस ठेवावे आणि दोन अनोळखी घरांतून आलेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवून शेवटच्या अंकापासून वाचावयास आरंभ करावा.