बसलेला हात, उठलेला हात : गायतोंड्यांचे शाईचे कागद

हिंगोलीत चित्रकलेवर बोलायचं म्हटलं की कार्यक्रमानंतर कोणी ना कोणी भेटतं आणि सांगतं, "सर, शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्या होत्या. पुढं सुटलं. आता हातच वळत नाही." मीही त्यातलाच. निवृत्तीनंतर ब्रश हातात घेतला आणि पहिली चूक ही केली, की जुनं निसर्गचित्र समोर ठेवून त्याची नक्कल करायला बसलो. आठ दिवसांत वैतागलो. हे व्याख्यान त्या चुकीतूनच निघालं आहे.

आपल्याकडे शब्द फार नेमका आहे: हात बसणे. पखवाजावर हात बसतो, भाकरीवर बसतो, तसा रेषेवरही बसतो. बसलेला हात उठला, तर तो पुन्हा त्याच जागी बसवायचा असतो का? या प्रश्नासाठी वासुदेव गायतोंडे यांच्याकडे बघू.

गायतोंड्यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा, घराणं गोव्याचं. १९४८ साली त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. १९७२ पासून दिल्लीत राहिले. पातळ केलेला तैलरंग रोलरने आणि सुरीने थरावर थर चढवायचा, काही ठेवायचा, काही काढायचा, अशी त्यांची पद्धत. हे अंगमेहनतीचं काम आहे, त्याला खांदा लागतो. १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला आणि पुढची काही वर्षं मोठे कॅनव्हास थांबले. १९८९ च्या सुमारास ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं.

या मधल्या वर्षांना पुष्कळ जण 'मौन' म्हणतात. झेनबद्दलची त्यांची ओढ माहीत असल्यामुळे ही कल्पना लोकांना आवडते. मला ती पटत नाही. कारण त्याच काळातले, १९८५ ते १९८७ चे, शाईचे छोटे कागद आपल्यासमोर आहेत. मौन पाळणारा माणूस इतक्या खुणा करत नाही.

पडद्यावर बघा. पांढरा कागद, काळी शाई. लिपीसारख्या खुणा, पण वाचता येणार नाहीत अशा. शाईत थर चढवता येत नाही, खरवडता येत नाही. पडला तो फटकारा पडला. म्हणजे ज्या कौशल्यासाठी हा माणूस ओळखला जातो, ते इथे उपयोगाचंच नाही. शाई त्यांना नवी नव्हती, साठच्या दशकातही त्यांनी ती वापरली होती. पण आता त्यांनी ती, माझ्या मते, एका साध्या कारणासाठी घेतली: आजचं शरीर जे पेलेल, ते काम.

सगळेच कागद सारखे वजनाचे नाहीत, हेही सांगतो. काहींत खूण नुसती उमटून जागीच थांबते; भोवतीचा पांढरा भाग जागा होत नाही. पण चांगल्या कागदांत तो पांढरा भागच बोलतो. आणि नव्वदच्या दशकातले कॅनव्हास बघताना मला रंगाच्या धुक्यातून वर येणाऱ्या त्या खुणांमध्ये हे कागद दिसतात. ते परतले, पण १९८४ च्या जागी परतले नाहीत.

लिलावाचं गणित वेगळं असतं. त्यांच्या १९७९ च्या एका कॅनव्हासला २०१३ साली मुंबईत २३ कोटी ७० लाख रुपये आले. तिथे हे कागद 'मधल्या काळातलं किरकोळ काम' ठरतात. समीक्षेनं तरी बाजारभावानं बघू नये.

आता तत्त्वज्ञानाचा मुद्दा. पतंजली अभ्यासाला तीन अटी घालतात: दीर्घकाळ, खंड न पडता, आदरानं. मग ज्याचा खंड पडला त्याचं सगळं गेलं का? इथे विचारावं लागतं, की खंड कशात पडला? गायतोंडे ऐन भरातही वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास करत. बाकीचा वेळ बसून बघण्यात जाई. त्यांचं सातत्य हाताच्या हालचालीत कमी आणि लक्षात जास्त होतं. ते अपघातानं तुटलं नाही.

कोणी म्हणेल, ते गायतोंडे होते, आपलं काय? रास्त आहे. आणि नुसत्या बघण्यानं हात परत येतो असंही मी म्हणत नाही, येत नाही. हाताला रोज काम द्यावंच लागतं. फक्त ते काम आजच्या हाताच्या मापाचं असावं. मी नक्कल सोडली आणि वहीच्या पानावर शाईनं समोरचा तांब्या काढायला लागलो. रेषा थरथरते. पण ती आत्ताची आहे, आणि तीन महिन्यांत तांब्याचा काठ मला पूर्वी कधी दिसला नव्हता तसा दिसायला लागला.

पुढच्या वेळी ज्यांचं 'सुटलं' आहे त्यांनी एकेक कागद घेऊन या. जुनं चित्र आणू नका, या आठवड्यातलं आणा. त्यावर बोलू. थांबतो.