भयाचा मांडव आणि त्याची प्रत

पितृपक्ष लागला की माळव्यातील भिंतींवर शेणाची संजा उमटू लागते. मुली रोज नवी आकृती काढतात, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, अखेरीस किलाकोट मांडतात आणि मग ती सारी पाण्यात सोडतात. त्याच पंधरवड्यात घरातील वडीलधारी मंडळी दिवंगतांसाठी पान वाढतात आणि कावळ्याची वाट पाहतात. म्हणजे आपल्याकडे मृतांच्या येण्याचा काळ ठरलेला आहे, पण त्यांना कोणी भीत नाही. त्यांना जेवू घातले जाते. पाश्चात्त्यांच्या हॅलोविनचे मूळही असेच आहे. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांच्या स्मरणाचा दिवस, आणि ३१ ऑक्टोबर ही त्याची पूर्वसंध्या. मात्र गेल्या पन्नास वर्षांत त्या संध्याकाळी तिकीट लावून भीती विकण्याची एक मोठी कला अमेरिकेतील मनोरंजन उद्यानांत उभी राहिली. ज्यांची नातवंडे तिकडे वाढत आहेत, त्या आपल्या घरांतून तिची छायाचित्रे आता दर वर्षी येतात, आणि ती पाहून ‘आपल्याकडे असे नेटके काही होत नाही’ हा उद्गारही निघतो. तो कितपत खरा आहे, हे तपासण्याचा येथे विचार आहे.

भयाचा देखावा तपासण्यास आम्ही तीन कसोट्या घेतो. अंधाराची योजना कशी आहे? नटाची शिस्त कशी आहे? आणि दाटून आलेले भय शेवटी कोठे सोडले जाते? पहिल्या दोन कसोट्या कारागिरीच्या आहेत. तिसरी कसोटी रसाची आहे. भयानक हा आपल्या शास्त्रकारांनी रस मानला; आणि रस म्हटला की त्याला परिणती आली.

कॅलिफोर्नियातील बुएना पार्क गावी नॉट्स बेरी फार्म म्हणून उद्यान आहे. मुळात ते फळांचे शेत. वॉल्टर नॉट यांनी १९४० च्या सुमारास तेथे जुन्या लाकडी घरांचे ‘भुताचे गाव’ उभारण्यास आरंभ केला. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये याच गावात तीन रात्रींपुरता भयाचा उत्सव झाला, आणि मोठ्या उद्यानांतील अशा उत्सवांचा तो आद्य मानला जातो. त्याची खुबी साधी होती. गाव आधीच होते. त्यात धुके सोडले आणि मुखवट्याची माणसे मोकळी सोडली. ही माणसे गुडघ्यांना धातूचे कवच बांधून धावत येतात आणि फरशीवर ठिणग्या उडवीत थेट पायाशी घसरत येऊन थांबतात. यंत्राला हे साधणारे नाही. त्याला तालीम लागते, आणि समोरचा माणूस कोण आहे याची क्षणात पारख लागते.

दुसरे उदाहरण फ्लोरिडातील युनिव्हर्सल स्टुडिओचे. तेथे १९९१ साली तीन रात्री आणि एकच भूतबंगला, असा लहानसा आरंभ झाला; पुढील वर्षी त्याला ‘हॅलोविन हॉरर नाइट्स’ हे नाव मिळाले. आज त्याचा विस्तार दहा भूतबंगले आणि चाळिसांहून अधिक रात्री इतका झाला आहे. चित्रपट तयार करणाऱ्या संस्थेचेच हे उद्यान असल्यामुळे नेपथ्य, रंगभूषा, प्रकाश यांची सफाई वादातीत आहे. भिंतीचा ओलावा आणि लाकडाची कुजट छटादेखील ठरवून आणलेली असते. पण दोष येथेच शिरतो. हजारो प्रेक्षकांना एका रात्रीत आत घालावयाचे, तेव्हा रांग अखंड चालत राहते. पुढच्याच्या अंगावर आलेले भूत मागच्याला आधीच दिसते, आणि त्याची पाळी येते तेव्हा भूत पुन्हा पडद्याआड सरकत असते. शिवाय अनेक बंगले गाजलेल्या चित्रपटांवरून व मालिकांवरून बेतलेले असल्याने प्रेक्षक भिण्यापेक्षा ओळखण्यातच रमतो. ओळखीचा आनंद खोटा नव्हे, पण तो भयाचा रस नव्हे. म्हणून सफाईत युनिव्हर्सल वरचढ असले, तरी भयाच्या कलेत आम्ही जुन्या नॉट्सला अधिक गुण देऊ.

यंत्राचा विषय निघाला आहे, तर एक जुनी युक्ती सांगावयास हवी. १८६२ साली लंडनमध्ये जॉन पेपर यांनी हेन्री डर्क्स यांच्या कल्पनेवरून रंगमंचावर भूत आणले. रंगमंचापुढे मोठी काच तिरपी लावावयाची, नट खाली लपवून त्याच्यावर झगझगीत प्रकाश टाकावयाचा. त्याचे प्रतिबिंब काचेत पडते आणि आरपार दिसणारी आकृती हवेत तरंगताना भासते. १९६९ साली डिस्नेलँडमध्ये उघडलेल्या भुताटकीच्या वाड्यात नाचणारी भुते याच तत्त्वावर दिसतात. शंभर वर्षांनंतरही ही युक्ती टिकली, याचे कारण ती अंधार राखते. प्रेक्षकाला काच दिसता कामा नये, एवढाच तिचा नियम. आपल्याकडे खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानात सलीमगढ नावाचा भुताटकीचा किल्ला उभारला गेला. परदेशी सरदाराचा वाडा न घेता येथील मातीतील किल्ला निवडला, हे त्याचे श्रेय. तथापि यंत्राने चालणाऱ्या भयाची मर्यादा त्यालाही सुटत नाही. यंत्र दर फेरीला तेच करते. समोर सहा वर्षांचे मूल आहे की साठ वर्षांचे आजोबा, हे त्याला कळत नाही.

आता आपल्या घरचे पाहू. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून पुढील काही दशके पौराणिक नाटकांत राक्षसांचा प्रवेश हा मोठा प्रसंग असे. राळेचा भपकारा उडायचा, मागून आरोळी यायची आणि रंगवलेल्या तोंडाचे राक्षस तलवारी परजीत येत. त्या आरोळीवरूनच या नाटकांना ‘अललडुर्र’ असे थट्टेचे नाव पडले. पुढच्या सुशिक्षित पिढीने त्यांची चेष्टा केली. ती रास्तही होती, कारण तेथे नटाची शिस्त फार नव्हती. परंतु राळ विझताच पडणारा काळोख आणि त्यातून आलेली आरोळी, हे अंधाराचे ज्ञान कच्चे नव्हते.

याहून सरस उदाहरण कोकणातील दशावताराचे. त्याच्या पूर्वरंगात गणपती, सरस्वती यांच्यानंतर वेद चोरणारा संकासुर येतो. अंगभर काळे कापड, डोक्यावरून ओढलेला काळा मुखवटा, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळे आणि लोंबणारी लाल जीभ. मुले किंचाळून आईच्या पदराआड जातात. आणि मग हाच संकासुर मालवणीत बोलू लागतो, चेष्टा करतो, गावातील गोष्टींवर टोमणे मारतो. शेवटी विष्णूच्या हातून त्याचा वध होतो. भय, मग हसू, मग निर्वाह. खर्च पाहावा तर एका काळ्या कापडाचा. तिसऱ्या कसोटीवर त्याच्यासमोर फ्लोरिडातले दहाही बंगले उणे पडतात, कारण तेथे शेवटच्या दारातून बाहेर पडलेला प्रेक्षक थेट पुढच्या रांगेत जातो. त्याच्या भयाचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नाही.

येथे आपल्याच गावातील एक जुना समीक्षक आठवतो. ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस होते. त्या वर्षीच्या गोकुळाष्टमीचे वर्णन त्यांनी पुढे ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात दिले आहे. मांडणीत त्यांना ना आकार दिसला ना अभिरुची. वस्तूंची गर्दी, गोंगाट आणि गोंधळ यांनी ते त्रासले. १९२४ च्या त्यांच्या कादंबरीत तर देवळातील इंग्रजी फलकाची अक्षरेच उलटसुलट झालेली आहेत. आमच्या दोन कसोट्यांवर त्या उत्सवाला त्यांनी नापास केले, असेच म्हणावे लागेल. पण त्याच मांडवात भजनात रंगून नाचणाऱ्या महाराजांचा आनंद त्यांनी खरा मानला, आणि शेवटी मातीचे गोकुळ पाण्यात विसर्जित होते, ही परिणतीही नोंदवली. विसंगत मांडणीतून पूर्ण रस कसा निघतो, हे कोडे घेऊन ते गेले. आम्हांला वाटते, त्याचे उत्तर त्या विसर्जनात आहे. जे उभारले ते आपल्याच हातांनी सोडावयाचे, हे तेथे प्रत्येकाला ठाऊक होते.

मात्र या उत्तराचा आधार घेऊन गबाळेपणाचे समर्थन करण्याची सवय आपल्याला जडली आहे, हे कबूल करावयास हवे. ‘भाव खरा असला म्हणजे झाले’ असे म्हणून मांडवात पांढऱ्या नळ्यांचे दिवे लावावयाचे आणि कर्ण्याचा आवाज कान किटेपर्यंत वाढवावयाचा, यात भावाची सेवा होत नाही. हिरण्यकशिपूच्या खांबावर लख्ख उजेड असेल, तर नरसिंह कोठून येणार? शेजारच्या इंदुरात अनंत चतुर्दशीला कापड गिरण्यांच्या झांक्या निघतात, त्या या बाबतीत पाहण्यासारख्या आहेत. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, तरी कामगारांनी वर्गणी जमवून झांकी चालू ठेवली. तेथे दिव्यांचा क्रम, मूर्तींची हालचाल आणि राक्षसाच्या जबड्याची उघडझाप यांवर माणसे रात्री जागवतात, आणि या कामाचे परीक्षण होऊन बक्षिसेही दिली जातात. वेतन गेले तरी काम नीट करण्याची इभ्रत गेली नाही. कारागिरी आणि भाव ही एकमेकांची सवत नव्हेत, याचा पुरावा याहून वेगळा कशाला हवा?

तेव्हा परदेशी छायाचित्रे पाहून निघणाऱ्या उद्गाराला आमचे उत्तर असे. नेटकेपणा त्यांच्याकडून अवश्य घ्यावा: काळोख राखणे, नेमका क्षण साधणे, तालमीवाचून कोणाला पुढे न सोडणे. या गोष्टींना पैसा थोडा आणि चिकाटी फार लागते. पण तयार मुखवटे आणि रबरी सांगाडे भाड्याने आणून मांडव सजवू लागलो, तर वस्तू येतील आणि परिणती मागेच राहील. धार आणि देवासच्या आपल्या वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मेळे, नाटके, देखावे घरच्या माणसांनी उभे केले. मुलाला भिववणारा राक्षस हा पडद्यामागे गेला की कोणाचा तरी काका असे, आणि मध्यंतरात तोच त्या मुलाच्या हातावर प्रसाद ठेवी. भयाचा याहून चांगला शेवट कोणत्याही उद्यानाला अजून सुचलेला नाही. तो काका आज ठेकेदाराच्या हाती सोपवावयाचा की त्याला पुन्हा तालमीला बसवावयाचे, एवढाच प्रश्न आपल्यापुढे आहे.