गुरुऋणाची परिभाषा आणि नारळीकरांच्या लेखनातील फ्रेड हॉइल

‘प्रभाव’ ही संज्ञा मराठी समीक्षेत बहुधा साम्यशोधापुरती वापरली जाते. एका लेखकाच्या कल्पना वा रचनाबंध दुसऱ्याच्या संहितेत आढळले, की प्रभाव सिद्ध झाला असे आपण मानतो. मात्र एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीवर केलेल्या संस्काराचा प्रश्न उपस्थित होताच हीच समीक्षा भक्तिपरंपरेच्या परिभाषेत शिरते आणि कृपा, शरणागती, ऋण असे शब्द योजू लागते. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त (२०१४) आत्मचरित्र त्यांच्या विज्ञानकथांसमवेत वाचले, तर या दोन्ही परिभाषा अपुऱ्या पडतात.

१९५७ मध्ये केंब्रिजला गेलेल्या नारळीकरांनी १९६० मध्ये फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधनास आरंभ केला. बाँडी आणि गोल्ड यांच्या बरोबरीने हॉइल यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला होता. विश्वाला आरंभ नाही आणि प्रसरणामुळे येणारी विरळता नवनिर्मित द्रव्याने भरून निघते, असे तो सांगतो. फेब्रुवारी १९६१ मध्ये मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांच्या गणनेच्या आधारे हा सिद्धांत खोटा ठरल्याचा दावा लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत मांडला. त्या दिवशी हॉइल यांचे व्याख्यान अन्यत्र ठरलेले होते. प्रत्युत्तर देण्याचे काम त्यांनी संशोधनाचे एक वर्षही पुरे न केलेल्या आपल्या विद्यार्थ्यावर सोपवले. आपल्याकडील चरित्रग्रंथांतील गुरू संकटप्रसंगी शिष्यावर छत्र धरतो. हा गुरू त्याला वादाच्या ऐन मध्यभागी उभा करतो आणि आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार देतो. त्या अधिकारात कृपेपेक्षा विश्वासाचा आणि काहीशा निष्ठुरतेचाही अंश अधिक आहे, असे मला वाटते.

ही भूमी बनारसमध्येच तयार झाली होती. वडील विष्णू वासुदेव नारळीकर स्वतः केंब्रिजमध्ये शिकलेले, हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. घरी राहावयास आलेले मोरूमामा (मोरेश्वर हुजूरबाजार) फळ्यावर भाच्यासाठी गणिताचे आव्हान लिहून ठेवीत आणि उत्तर मिळेपर्यंत ते पुसले जात नसे. फळ्यावरचे हे आव्हान आणि १९६१ चा प्रसंग एकाच जातीचे आहेत. (हिवरखेडसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून पदव्युत्तर वर्गात आलेल्या विद्यार्थ्याला ‘गाइड’ हा मान्यताप्राप्त यादीतून, रिक्त जागेच्या हिशेबाने मिळतो. त्याने हे पान वाचताना थबकावे, यात नवल नाही.)

हॉइल यांचा ठसा कथालेखनात शोधणे अधिक फलदायी आहे. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी नारळीकर केंब्रिजला पोहोचले त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. आकाशातून येणारे अरिष्ट आणि गुप्तपणे एकत्र आलेले शास्त्रज्ञ हा तिचा रचनाबंध नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ कथेत ओळखू येतो. साम्यशोधक समीक्षा येथे थांबेल. पण हॉइल यांच्या कादंबरीतील संघर्ष शास्त्रज्ञ आणि राजकारणी यांच्यात आहे. ‘धूमकेतू’ने तो उचलून घराच्या उंबरठ्याआत आणला. एकीकडे शास्त्रज्ञ धूमकेतूची दिशा वळवतात, दुसरीकडे त्याचा शोध लावणाऱ्या हौशी खगोलनिरीक्षकाच्याच घरी शांतीसाठी यज्ञ होतो, आणि संकट टळल्याचे श्रेय यज्ञाला मिळते. सत्तेची जागा श्रद्धेने घेतली. गुरूकडून घेतलेला साचा आपल्या समाजाच्या दुखण्यावर लावून पाहण्याची ही कृती मला त्या कथेतील व्यक्तिचित्रणापेक्षा अधिक मोलाची वाटते. व्यक्तिचित्रण, स्पष्टच सांगावयाचे तर, बेताचे आहे. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे नाव, कीर्तीच्या आधाराविना उभे राहण्याची तीच जुनी परीक्षा होय.

खरा पेच मात्र पुढे आहे. १९६५ मध्ये विश्वातील सूक्ष्मलहरींच्या पार्श्वप्रारणाचा शोध जाहीर झाला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. (तो शब्द १९४९ मध्ये बीबीसीवर प्रथम वापरला तो हॉइल यांनीच.) नारळीकर गेले नाहीत. हॉइल यांनी वादानंतर केंब्रिज सोडले ते १९७२ मध्ये. त्याच वर्षी नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. अंतरामुळे सहकार्य तुटले नाही. १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी आभासी स्थिर स्थितीचे प्रतिमान मांडले. मान्यवर ज्योतिर्भौतिकीने ते स्वीकारले नाही. हा आग्रह निष्ठेचा की स्वतंत्र विवेकाचा? नारळीकरांच्या आत्मकथनाची शैली संयत, युक्तिवादाची. ती पुरावे क्रमाने मांडते, पण या प्रश्नाच्या भावनिक अंगाजवळ आली की पाऊल आखडते. ही त्या वाङ्मयप्रकारातील उणीव मानावी लागेल. शंका कशी पोसावी हे गुरूने शिकवले. त्या शंकेचा रोख कधीतरी गुरूकडेच वळला का, हे वाचकाला स्वतः ताडावे लागते.

या अबोल भागाचे उत्तर संहितेबाहेर सापडते. जीवसृष्टीची बीजे अंतराळातून आली असावीत, हा हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचा आणखी एक अल्पमतातील विचार. तो तपासण्यासाठी नारळीकरांच्या पुढाकाराने हैदराबादहून बलून सोडून उच्च वातावरणातील हवेचे नमुने गोळा करण्यात आले. हॉइल २००१ मध्ये निवर्तले. २००५ च्या उड्डाणात मिळालेल्या जीवाणूंपैकी तीन प्रजाती नव्या असल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले; त्यांचे मूळ पृथ्वीबाहेरचे असल्याचे मात्र त्यातून सिद्ध झाले नाही. त्यांपैकी एकीचे नाव ‘जॅनिबॅक्टर हॉइली’ असे ठेवण्यात आले.