आधी वाचन, मग निवाडा

परधर्मीयांचा विधी पाहताच आपणां ख्रिस्ती लोकांच्या ओठी ‘अंधश्रद्धा’ हा शब्द फार लवकर येतो. दक्षिण कोरियातील जेजू बेटावरच्या योंगदुंग विधीचा मौखिक वाङ्मय म्हणून विचार करताना ही घाई किती महाग पडते, हे आम्हांला उमगले.

चांद्रवर्षाच्या दुसऱ्या महिन्यात वाऱ्याची देवी योंगदुंग बेटावर येते, समुद्रात शेवाळाचे व शिंपल्यांचे बी पेरते आणि पंधरवड्याने निघून जाते, अशी ही कथा. आपल्याकडील भगतासारखा ‘शिम्बांग’ देवांना आवाहन करतो, दाणे टाकून कौल घेतो. अखेरीस गवताची होडी नैवेद्यासह समुद्रात सोडतात. समोर बसलेल्या असतात हवेच्या नळकांड्याविना खोल बुडी मारणाऱ्या ‘हेन्यो’ स्त्रिया आणि होड्यांचे मालक.

या रचनेचे सौंदर्य तिच्या साधेपणात आहे. येथे मागणे एकच : समुद्राने द्यावे आणि गेलेले माणूस परत यावे. तिची मर्यादाही येथेच दिसते. ही देवी पाहुणी आहे. ती येते, पेरते आणि जाते. आपला प्रभू मात्र वादळातही शिष्यांच्याच होडीत होता. हा भेद आम्ही झाकू इच्छित नाही.

परंतु भेद ओळखणे वेगळे आणि देवस्थान मोडणे वेगळे. 1901 साली करांच्या जुलमाने जेजू धुमसत होते. फ्रेंच मिशनऱ्यांच्या आश्रयाखालील काही ख्रिस्ती लोकांनी गावोगावची देवस्थाने मोडली, पवित्र वृक्ष तोडले. उठाव झाला आणि शेकडो ख्रिस्ती मारले गेले. त्या हत्येचे समर्थन कोणी करू नये. पण आपल्या बाजूचा दोषही लपवू नये.

पुढे 1970 च्या दशकात सरकारनेच ग्रामसुधारणेच्या नावाखाली असे विधी दडपले. 1980 साली त्याच विधीला राष्ट्रीय वारशाचा मान दिला आणि 2009 मध्ये युनेस्कोने त्याची नोंद घेतली. पण वारसा ठरलेल्या प्रार्थनेचे केवळ प्रेक्षणीय दृश्य होण्याचाही धोका असतो. निषेध असो वा कौतुक, प्रार्थना करणाऱ्या स्त्रीचे ऐकायचे राहूनच जाते.

अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1965 साली सांगितले. या शिकवणुकीचा पहिला धडा आम्हांला असा वाटतो : दुसऱ्याची प्रार्थना आधी शेवटपर्यंत ऐकावी. निवाडा त्यानंतर.