'म्हणून' या शब्दाची तपासणी

शिरगावच्या एका शिक्षकमित्रांनी मध्यंतरी आपली टाचणवही मला वाचायला दिली. पाठ होता संगणकांच्या जाळ्याचा. फायद्यांच्या यादीत एक वाक्य होते: 'जाळ्यातील एक संगणक बंद पडला तरी बाकीचे काम चालू ठेवतात, म्हणून जाळे सुरक्षित असते.' थोड्याफार फरकाने हेच वाक्य मार्गदर्शिकांत, जाहिरातींत आणि पदवीच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीही आढळते. त्याचा पूर्वार्ध बऱ्याच अंशी खरा आहे. उत्तरार्धही कधी कधी खरा असतो. चूक आहे ती मधल्या 'म्हणून'मध्ये. एका शब्दासाठी लेख कशाला, असे कोणी विचारील. पण आज बँक, रेशन, सातबारा, निकाल हे सारे अशा जाळ्यांवरच चालते, आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा हे मुले आपल्या वर्गातच शिकतात.

प्रथम वाक्याची खरी बाजू पाहू. समजा, एखादा संगणक शंभर दिवसांत सरासरी एक दिवस बंद असतो. तीच माहिती दुसऱ्या तशाच संगणकावर ठेवली, तर दोन्ही एकाच दिवशी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक. तिसरा जोडला की दहा लाखांत एक. साध्या, स्वस्त यंत्रांपासून अतिशय भरवशाची प्रणाली उभी करण्याची ही युक्ती आहे. तिला दोषसहिष्णुता म्हणतात. एखादा भाग निकामी झाला तरी संपूर्ण प्रणालीने आपले काम सोडू नये, हा तिचा अर्थ.

परंतु हा गुणाकार करताना आपण दोन गोष्टी न बोलता गृहीत धरल्या. पहिली, बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. दुसरी, बिघडलेला संगणक गप्प बसतो. टाचणातील वाक्य या दोन गृहीतांवर उभे आहे, आणि दोन्ही प्रत्यक्षात मोडतात.

पहिले गृहीत घेऊ. शिरगावचा किल्ला मुलांनी पाहिलेला असतो. या किनाऱ्यावर पोर्तुगीजांची तारापूर, शिरगाव, माहीम, केळवे अशी ठाण्यांची रांगच होती. एखाद्या ठाण्यावर लहानसा हल्ला झाला तर शेजारचे ठाणे मदतीला येऊ शकत असे. पण १७३९ च्या आरंभी, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, ही ठाणी थोड्याच दिवसांच्या अंतराने एकापाठोपाठ पडली. सर्वांवर एकाच मोहिमेचा दाब होता, आणि जेथून कुमक यायची त्या गोव्याच्या मुलखातही त्याच सुमारास मराठ्यांची फौज शिरली होती. ठाणी अनेक होती, पण त्यांच्या पडण्याचे कारण एकच होते.

आता आपल्या काळातले उदाहरण. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी ३.४५ ला. बाजाराने तयारी केली नव्हती असे नाही. मुख्य केंद्र आणि जवळचे पर्यायी केंद्र यांना जोडणारे दुवे मुद्दाम दोन वेगळ्या दूरसंचार कंपन्यांकडून घेतलेले होते. तरीही दोन्ही कंपन्यांचे दुवे अस्थिर झाले. पुढे बाजाराने दिलेल्या खुलाशात त्याचे मुख्य कारण सांगितले गेले ते दोन केंद्रांमधील मार्गावर चाललेले खोदकाम आणि बांधकाम. शिवाय अशा वेळी तग धरावी म्हणून बसवलेली माहिती साठवण्याची यंत्रणाही अपेक्षेप्रमाणे वागली नाही. कागदावर दोन कंपन्या म्हणजे दोन स्वतंत्र दुवे होते. कुदळीला मात्र कंपन्यांची नावे वाचता येत नाहीत.

मग स्वातंत्र्य आणायचे कसे? याचे चांगले उदाहरण आपल्या अंगणातच आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्रातील ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या २००६ आणि २००५ साली व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. त्या तातडीने बंद करण्याच्या दोन निरनिराळ्या यंत्रणा आहेत. एकीत न्यूट्रॉन शोषणारे दांडे भट्टीत पडतात. दुसरीत न्यूट्रॉन शोषणारे द्रावण भट्टीच्या जड पाण्यात जोराने सोडले जाते. प्रत्येक यंत्रणेत मापन करणाऱ्या वाहिन्या तीन असतात, आणि तिघींपैकी दोघींनी धोका सांगितला की भट्टी बंद होते. एक वाहिनी चुकून ओरडली तर वीज उगाच जात नाही, आणि एक मुकी झाली तर धोकाही निसटत नाही. मुद्दा असा, की पहिल्या यंत्रणेची हुबेहूब नक्कल म्हणजे दुसरी यंत्रणा नव्हे. तिचे तत्त्वच वेगळे आहे. ज्या कारणाने दांडे अडकतील, त्याच कारणाने द्रावण अडण्याचा संभव फार कमी. आपल्या शाळेतल्या दहा संगणकांवर एकच प्रणाली, एकच संकेतशब्द आणि एकच विजेचा फलक असेल, तर बिघाडाच्या दृष्टीने ते दहा नव्हेत, जवळजवळ एकच आहेत.

दुसरे गृहीत अधिक फसवे आहे. बिघडलेला संगणक गप्प बसला तर आपल्याला कळते. तो बोलत राहिला, आणि खोटे बोलू लागला, तर?

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी झालेल्या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातील सुमारे ७८ कोटी २८ देशांतल्या एटीएम यंत्रांतून, बनावट कार्डांच्या साहाय्याने, काही तासांत काढले गेले. एटीएममधून पैसे देण्यापूर्वी 'देऊ का?' असा प्रश्न बँकेकडे जातो. त्या प्रश्नांची वाट हल्लेखोरांनी आपल्या तोतया यंत्रणेकडे वळवली होती, आणि ती प्रत्येकाला 'द्या' असे सांगत होती. येथे काय बंद पडले होते? यंत्रे चालू होती, तारा शाबूत होत्या, उत्तरे वेळेवर मिळत होती. टाचणातील व्याख्येप्रमाणे जाळे उत्तम चालले होते. किंबहुना ते उत्तम चालले म्हणूनच इतके पैसे इतक्या लवकर गेले.

खोटे बोलणाऱ्या भागाचा प्रश्न लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीझ यांनी १९८२ च्या एका प्रसिद्ध निबंधात बायझंटाईन सेनापतींच्या गोष्टीतून मांडला. आपल्या मुलांसाठी तीच गोष्ट सातपाटीच्या बंदरावर आणू. (तांडेलांनी रागावू नये, गोष्ट काल्पनिक आहे.) तीन होड्यांचे तीन तांडेल आहेत. सगळे मिळून निघाले किंवा सगळे थांबले तर ठीक, पण फाटाफूट झाली तर नुकसान. प्रमुख तांडेल इतर दोघांना निरोप देतो, 'निघा' किंवा 'थांबा'. मग ते दोघे आपल्याला काय निरोप आला ते एकमेकांना सांगतात. तिघांपैकी एक लबाड आहे. इतरांना घरी बसवून पापलेटला एकट्याने भाव मिळवायचा त्याचा बेत आहे.

दुसऱ्या तांडेलाला प्रमुखाकडून 'निघा' असे कळले, आणि तिसरा म्हणाला, 'मला तर थांबा म्हणून निरोप आहे.' आता लबाड कोण? प्रमुखाने दोघांना दोन निरोप दिले असतील, किंवा तिसरा थाप मारत असेल. दुसऱ्याने कितीही डोके खाजवले तरी त्याला हे ठरवता येत नाही, कारण दोन्ही प्रसंगांत त्याच्या कानावर आलेले शब्द अगदी तेच आहेत.

चौथा तांडेल आणला की चित्र बदलते. प्रमुख प्रामाणिक असेल आणि इतर तिघांपैकी एक लबाड असेल, तर उरलेल्या दोघांपैकी प्रत्येकाजवळ तीन निरोपांपैकी दोन खरे असतात, आणि बहुमताने योग्य निर्णय होतो. प्रमुखच लबाड असेल आणि त्याने दोघांना 'निघा', एकाला 'थांबा' सांगितले, तर आपसात बोलल्यावर तिघांच्याही हाती दोन 'निघा' आणि एक 'थांबा' येतात. निर्णय एकच होतो. दोन लबाडांसाठी सात लागतात, तिघांसाठी दहा. म्हणजे लबाडांच्या तिपटीहून एक अधिक. कागदाच्या चिठ्ठ्या वाटून हा खेळ एका तासिकेत होतो, आणि लबाड कोण हे फक्त शिक्षकांना ठाऊक असले की वर्गात चांगलाच रंग भरतो.

खेळाचा दुसरा डाव अवश्य घ्यावा. प्रत्येक निरोप पाठवणाऱ्याच्या सहीनिशी लेखी द्यायचा, आणि पुढे सांगताना मूळ चिठ्ठीच दाखवायची. सही नक्कल करता येत नसेल, तर तिसरा तांडेल प्रमुखाच्या नावाने थाप मारू शकत नाही. प्रमुखाने दोन निरोप दिले असतील तर दोन्ही चिठ्ठ्या समोरासमोर येतात. आता तीन तांडेलही पुरतात. संगणकांच्या जगात अंकीय सही हे काम करते. येथे लक्षात येते की सुरक्षितता केवळ संख्या वाढवून येत नाही. कोण बोलतो आहे हे तपासता येणे, हा तिचा वेगळा आधार आहे.

या सुंदर सिद्धान्तावरही एक आक्षेप घ्यायला हवा. त्यात तांडेल किती आहेत हे आधीच माहीत असते. जेथे कोणीही येऊन सामील होऊ शकतो, मालक कोणी नाही, अशा बरोबरीच्या संगणकांच्या जाळ्यात एकच माणूस हजार नावे घेऊन हजार मते देईल. जॉन डूसर यांनी २००२ साली हा धोका स्पष्ट मांडला. २००९ पासून चालू असलेल्या बिटकॉइनने त्यावर तोड काढली ती अशी, की नावे न मोजता खर्ची घातलेली गणनशक्ती मोजायची. तोड हुशारीची आहे, पण बिनशर्त नाही. निम्म्याहून अधिक शक्ती एका हाती गेली की ती कोसळते. त्याच धर्तीच्या इथेरियम क्लासिक या लहान जाळ्यावर ऑगस्ट २०२० मध्ये असे हल्ले वारंवार झाले. तेव्हा 'हजारो संगणकांवर नोंद आहे, ती बदलताच येणार नाही' असे कोणी म्हणाले, तर मुलांनी विचारावे की ते हजार संगणक किती जणांच्या हाती आहेत.

आणखी एक गोष्ट. प्रती वाढल्या की माहिती हरवण्याचे भय कमी होते, पण ती चोरीला जाण्याच्या जागा वाढतात. दहा प्रतींपैकी कोणतीही एक फुटली तरी गुपित फुटले. तसेच मूळ नोंद चुकीची असेल, तर निर्दोष चालणारे जाळे ती चूक सगळीकडे तितक्याच निष्ठेने पोहोचवते. सातबाऱ्यावर नाव चुकलेल्या शेतकऱ्याला 'सगळ्या संगणकांवर हेच आहे' हे उत्तर पुरावा म्हणून दिले जाते. दहा ठिकाणी उमटलेली एकच नोंद म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत, ही समज विज्ञानाच्या तासालाच द्यायला हवी.

शिक्षकमित्रांशी या सर्वांवर बोलणे झाले. त्यांनी टाचणातला मुद्दा खोडला नाही. 'म्हणून' पासूनचे शब्द काढून त्या जागी मुलांसाठी तीन प्रश्न लिहिले: सगळे एकाच कारणाने बंद पडू शकतील का? एखादा बंद न पडता खोटे बोलू लागला तर कळेल का? आणि जे अनेक दिसतात ते खरोखर अनेक आहेत का? पुढच्या वर्षी या मुद्द्यावर गुण कसे द्यायचे, हा प्रश्न मात्र त्यांनी मलाच विचारला. मी म्हटले, ज्या मुलाने चौथा प्रश्न काढला त्याला पूर्ण द्या.