दान दिलं, पुढं काय?

मागच्या महावीर जयंतीला आम्ही लोंढ्याच्या काही बायकांनी एका शाळेत वह्या वाटल्या. फोटो झाले, पेढे झाले. निघताना तिथल्या बाईंनी कपाट उघडून दाखवलं. आत आधीच्या वर्षांच्या वह्यांचे गठ्ठे, दोरीसुद्धा न सोडलेले. प्रत्येक मंडळ वह्याच आणतं.

"मग हवंय काय?" मी विचारलं.

"दहावीनंतर पोरी घरी बसतात," बाई म्हणाल्या. "बस बायकांना फुकट झाली हो, पण उतरल्यावर जंगलातल्या वाडीपर्यंत अंधारात चालणार कोण? बेळगावात राहायची सोय असती तर शिकल्या असत्या."

त्या वर्षी चार मुली थांबल्या होत्या. आमच्यापैकी एकीनंही हे आधी विचारलं नव्हतं.

आपल्या दानाचं नेमकं हेच दुखणं आहे. देताना मन मोठं असतं, पण देणं आपल्या सोयीचं असतं. पंचामृत अभिषेकाच्या बोलीत आकडा चढतो, फरशीवर नाव कोरलं जातं, आणि आपण हात धुऊन मोकळे होतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाचं फळ चार गोष्टींवर ठरतं असं सांगितलंय: विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. आपण द्रव्य किती आणि दाता कोण, एवढंच बघतो. तिथं पात्र म्हणजे आधी मुनी, त्यागी, श्रावक, हे मला ठाऊक आहे. दुःखी जिवांसाठीचं करुणादान वेगळं. पण कुणाला, काय, कसं, हा विचार तिथंही लागतोच की!

आपल्या वडीलधाऱ्यांनी तो केला होता. निपाणीजवळच्या स्तवनिधीला आपण दर्शनाला जातो. तिथंच 1899 साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. खेड्यातल्या शेतकरी घरांतली पोरं शिकायला तयार होती, शहरात राहायला जागा नव्हती. ही अडचण ओळखून सभेनं कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी इथं बोर्डिंगं चालवली. एका दिवसाच्या अन्नदानाच्या जागी वर्षानुवर्षं रोजचं ताट आलं.

त्यातही उणीव होतीच. कोल्हापूरच्या बोर्डिंगात कुंभोजचा भाऊराव पाटील राहत होता. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला, परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला, आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. त्याच भाऊरावांनी 1919 साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढं साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. 'आपल्या'च मुलांपुरतं दान किती अपुरं असतं, हे आपल्याच घरच्या माणसानं दाखवून दिलं.

वसतिगृह चालावं म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. ही गोष्ट सांगताना आपले डोळे भरतात. मला मात्र हल्ली राग येतो. एका बाईला मंगळसूत्र मोडावं लागतं, याचा अर्थ बाकीच्यांचं देणं वेळेवर आणि नेमानं येत नव्हतं. तिच्या त्यागाला हात जोडून आपली सुटका होत नाही.

आमच्या सासूबाई म्हणतात, "हिशेब विचारला की पुण्य जातं." भिशीचा हिशेब आपण रुपयापर्यंत ठेवतो, तूरडाळ निवडून घेतो. दानाच्या पैशाचं काय झालं हे बघण्यात कमीपणा कसला? मात्र हिशेब पैशाचा मागावा, पोरीच्या उपकाराचा नव्हे. तिचा फोटो नको, सत्कारात तिला उभं करणं नको.

यंदा आम्ही वह्या घेतल्या नाहीत. बाराजणींनी दरमहा ठरावीक रक्कम, दोन वर्षं, असं लिहून घेतलंय. बेळगावात एक खोली, डबा, आणि महिन्यातून एकदा कुणीतरी जाऊन विचारपूस करायची. जात विचारायची नाही, हेही ठरलं. त्यावर दोघी उठून गेल्या, म्हणून आधीच्या चौदाच्या बारा झालो.

चारपैकी दोन मुली गेल्या. तिसरीच्या घरचे अजून तयार नाहीत. चौथीचं लग्न झालं. आम्ही वर्षभर आधी विचारलं असतं, तर कदाचित तीही गेली असती.