‘युनिक्स चारसेट’ : एका सेटिंगची चिकित्सा

लिनक्स सर्व्हरवरील फोल्डर विंडोज संगणकांना वापरायला देण्यासाठी बहुतेक ठिकाणी सांबा हे सॉफ्टवेअर वापरतात. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘युनिक्स चारसेट’ हे सेटिंग असते. ते काय करते, त्यापेक्षा काय करत नाही, हे समजणे अधिक महत्त्वाचे आहे.

लिनक्सच्या लेखी फाइलचे नाव म्हणजे बाइट्सची रांग. ती कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे, याची नोंद साधारणपणे डिस्कवर नसते. विंडोजला मात्र नाव यूटीएफ-१६ मध्ये द्यावे लागते. म्हणून डिस्कवरचे बाइट्स कसे वाचायचे आणि नवी नावे कोणत्या बाइट्समध्ये लिहायची, हे सांबाला सांगावे लागते. हे सेटिंग तेवढेच सांगते. त्याचे मूळ मूल्य यूटीएफ-८ आहे आणि ही निवड योग्यच आहे.

पहिला आक्षेप असा, की सेटिंग बदलल्यावर जुनी नावेही बदलतील, असा समज सहज होतो. तसे होत नाही. बाइट्स तेच राहतात, फक्त वाचन बदलते. लॅटिन-१ मधील जुनी नावे यूटीएफ-८ म्हणून वाचली, तर ती बिघडलेली दिसतात किंवा फाइल उघडतच नाही. नावे खरोखर बदलण्यासाठी कॉन्व्हएमव्हीसारखे वेगळे साधन लागते.

दुसरा आक्षेप शेजारच्या ‘डॉस चारसेट’विषयी. त्याचे मूळ मूल्य कोड पेज ८५० आहे आणि त्यात देवनागरी नाही. ते पाहून अनेकजण तिथेच दुरुस्ती करत बसतात. पण एसएमबी-२ पासून नावे युनिकोडमध्येच जातात, आणि सांबा ४.११ (२०१९) पासून एसएमबी-१ मुळातच बंद असते.

तिसरा मुद्दा मराठीला थेट भिडतो. ‘दुसऱ्या’ मधील ‘ऱ’ एका कोडनेही लिहिता येतो आणि ‘र’ अधिक नुक्ता असा दोन कोडांनीही. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर दुसरे रूप साठत असे. दोन्ही रूपे लिनक्सवर आली, तर एकाच फोल्डरमध्ये सारख्याच दिसणाऱ्या दोन फाइली तयार होतात. तुम्ही एक सुधारता आणि सहकारी दुसरी उघडतो. दोन्ही टोकांना यूटीएफ-८ असूनही हे घडते.

लांबीचेही भान ठेवा. ईएक्सटी-४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट्स आहे. देवनागरीतील प्रत्येक कोडला तीन बाइट्स लागतात, म्हणजे मात्रांसह फक्त ८५ कोड बसतात.

तात्पर्य, हे सेटिंग निरुपयोगी नाही, पण त्याचे काम नावे वाचण्या-लिहिण्यापुरते आहे, जुनी नावे बदलण्याचे नाही. म्हणून आधी डिस्कवर कोणते बाइट्स आहेत ते तपासा, बॅकअप घ्या, कॉन्व्हएमव्हीची चाचणी-फेरी पाहा आणि मगच नावे बदला.